संधिवात, टीबी, डेंग्यू की आणखी काही? मुलांच्या कर्करोगाविषयी वाचकांचे प्रश्न

मुलांमधील कर्करोग अनेकदा दुसऱ्याच आजाराच्या रूपाने समोर येतो. त्याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला असून उत्तरे बालकर्करोगतज्ज्ञाने दिली आहेत. पत्रावरून कोणाचेही निदान करता येत नाही. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत, एवढेच या उत्तरांतून कळावे.

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आहे. दीड-दोन महिन्यांपासून तिचे गुडघे आणि घोटे दुखतात, मधूनच ताप येतो, कधी कधी ती लंगडत चालते. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन थोडे कमी आले, बाकी सारे नॉर्मल आहे. मुलांमधला संधिवात असल्याचे सांगून डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत. माझी नणंद परिचारिका आहे. ती म्हणते, गोळ्या सुरू करण्याआधी बोन मॅरो तपासून घ्या. एवढ्याशा मुलीच्या हाडात सुई घालण्याची खरोखर गरज आहे का? (एक आई, सांगली)

उत्तर : तुमच्या नणंदेची शंका रास्त आहे. मुलांना होणाऱ्या कर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाचे, म्हणजे ल्युकेमियाचे, प्रमाण सर्वाधिक असते आणि त्यातला लिम्फोब्लास्टिक प्रकार दोन ते पाच वर्षांच्या वयात सर्वांत जास्त आढळतो, पण तो कोणत्याही वयात होऊ शकतो. हा आजार सुरू होतो हाडांच्या पोकळीतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत. तिथे कर्करोगाच्या पेशी दाटल्या की हाडावरचे आवरण ताणले जाते आणि मूल पाय दुखतात म्हणून रडू लागते. त्या पेशी अजून रक्तात उतरलेल्या नसतील, तर साध्या रक्ततपासणीत त्या दिसणार कशा? त्यामुळे पहिला अहवाल जवळजवळ निर्दोष येणे आणि मुलाला ल्युकेमिया असणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

संधिवात आणि ल्युकेमिया यांची गल्लत टाळण्यासाठी अमेरिकेतील अनेक केंद्रांनी मिळून केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. सांधेदुखी घेऊन आलेल्या आणि पुढे ल्युकेमिया निघालेल्या मुलांची तुलना त्यात संधिवाताच्या मुलांशी केली होती. ल्युकेमियाच्या बहुतेक मुलांच्या रक्तात सुरुवातीला कर्करोगाच्या पेशी दिसल्या नव्हत्या. फरक दाखवणाऱ्या तीन गोष्टी मात्र हाती लागल्या : पांढऱ्या पेशी चार हजारांपेक्षा कमी असणे, प्लेटलेट दीड ते अडीच लाखांच्या दरम्यान असणे आणि रात्री झोपेतून उठवणारे दुखणे. यातली दुसरी गोष्ट सहज नजरेआड होते, कारण दीड लाखांच्या वरचा आकडा प्रयोगशाळेच्या कागदावर नॉर्मल म्हणूनच छापला जातो. परंतु अंगात संधिवाताचा दाह पेटलेला असेल, तर प्लेटलेट वाढायला हव्यात. चार-पाच लाखांपर्यंत गेल्या तरी नवल नाही. ईएसआर (अंगातल्या दाहाचे माप) भरपूर वाढलेला आणि प्लेटलेट मात्र एक लाख ऐंशी हजार, असा अहवाल दिसला की मी थबकतो. तुम्ही पत्रात आकडे दिलेले नाहीत, केवळ नॉर्मल म्हटले आहे. तो कागद पुन्हा काढून पाहा.

दुखण्याची जातही पाहावी. संधिवाताचे मूल सकाळी आखडलेले असते आणि हालचाल करू लागले की मोकळे होते. त्याचा सांधा सुजलेला दिसतो, हाताला गरम लागतो. ल्युकेमियात सांध्यावर सूज थोडी आणि आकांत फार, असे दृश्य असते. सांध्यापेक्षा हाड दाबले की मूल जास्त कळवळते. मुलगी फिकट पडली आहे का, अंगावर निळे-जांभळे डाग येतात का, यकृत-प्लीहा किंवा गाठी हाताला लागतात का, एक्स-रेमध्ये हाडांच्या टोकांजवळ फिकट पट्टे दिसतात का, हेही डॉक्टरांनी पाहिलेले असावे. संधिवाताच्या एएनएसारख्या तपासण्या पॉझिटिव्ह आल्या म्हणजे प्रश्न मिटला, असे मात्र समजू नये.

आता स्टिरॉइडविषयी, कारण तुमच्या पत्रातला तातडीचा भाग तोच आहे. प्रेडनिसोलोन आणि डेक्सामेथासोन ही संधिवाताची औषधे आहेत, तशीच ती ल्युकेमियाच्या उपचारांतली पहिल्या दिवसांची औषधे आहेत. लिम्फोब्लास्टिक पेशी त्यांनी झपाट्याने मरतात. म्हणून ल्युकेमियाच्या मुलाला संधिवात समजून ही गोळी दिली, तर दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, दुखणे थांबते आणि निदान बरोबर होते असे सर्वांनाच वाटते. काही आठवड्यांनी आजार परत येतो तेव्हा तो अर्धवट औषधाला सरावलेला असण्याची भीती असते. मधल्या काळात मॅरो तपासला तर तो स्पष्ट सांगत नाही. आणि सुरुवातीला पांढऱ्या पेशी किती होत्या, पहिल्या आठवड्यात औषधाला कसा प्रतिसाद मिळाला, ज्यांवरून उपचार सौम्य द्यायचे की तीव्र हे ठरते, ते मोजमापच हातातून निसटते. (मेथोट्रेक्सेट या औषधाचीही अशीच दोन घरे आहेत, संधिवातातही तेच, ल्युकेमियातही तेच.)

म्हणून क्रम असा असावा : शंका घेण्याजोगे काही असेल तर स्टिरॉइड सुरू करण्याआधी अनुभवी डोळ्यांनी रक्ताचा स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला थेंब) पाहणे, एलडीएच (पेशी मोठ्या प्रमाणात मरत असतील तर वाढणारा रक्तातला घटक) तपासणे, आणि तरीही संशय उरला तर मॅरो तपासणे. ही तपासणी कमरेमागच्या हाडातून, मुलाला गुंगी देऊन करतात. हाडाची वाढ तिने खुंटत नाही, पाय अधू होत नाहीत. संधिवाताच्या प्रत्येक मुलाला ती लागते असे मुळीच नाही. सांधा स्पष्ट सुजलेला, प्लेटलेट वाढलेल्या, रात्री शांत झोप, असे चित्र असेल तर तुमच्या डॉक्टरांचे निदान बरोबर असण्याचीच शक्यता अधिक. तसे नसेल तर चार दिवस साधे वेदनाशामक देऊन तपासणी उरकावी, तेही डॉक्टरांना विचारूनच, कारण प्लेटलेट कमी असताना काही वेदनाशामके चालत नाहीत.

प्रश्न : माझ्या बारा वर्षांच्या पुतण्याच्या मानेत गाठी आहेत. सुईची तपासणी केली, तिच्यात ग्रॅन्युलोमा (संरक्षक पेशींचा पुंजका) आला, म्हणून टीबीची औषधे सुरू झाली. तीन महिने झाले तरी गाठी कमी नाहीत. उलट गळ्याच्या हाडावर एक नवी आली. वजन घटते आहे, रात्री घाम येतो. डॉक्टर म्हणतात, कोर्स पूर्ण होऊ द्या. (एक काका, धुळे)

उत्तर : जगातील टीबीच्या दर चार रुग्णांपैकी सुमारे एक भारतात असतो. अशा देशात मानेतल्या गाठी पाहून डॉक्टरांच्या मनात प्रथम टीबी येणे यात गैर काहीच नाही. शिवाय लिम्फ ग्रंथींच्या टीबीत औषधे सुरू असतानाही गाठी काही काळ वाढू शकतात, नव्या येऊ शकतात. त्यामुळे गाठ वाढली म्हणजे औषध चुकले, असेही थेट म्हणता येत नाही. मग विचारायचा प्रश्न हा, की टीबीचा जंतू दिसला होता का? सीबीनॅट तपासणीत तो सापडला, किंवा कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) वाढला, तर धीर धरावा. जंतू कधीच सापडला नसेल आणि सारी भिस्त केवळ ग्रॅन्युलोमा या एका शब्दावर असेल, तर निदान अजून पक्के झालेले नाही, असेच मी मानतो.

याचे कारण हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगाच्या स्वभावात आहे. त्यात गाठीतल्या मूळ कर्करोगपेशी संख्येने अगदी थोड्या असतात. बाकीची सगळी गर्दी त्यांच्याभोवती जमलेल्या शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशींची असते, आणि त्या गर्दीत ग्रॅन्युलोमाही तयार होऊ शकतात. बारीक सुईने गाठीतल्या सुट्या पेशी ओढल्या तर हाती येते ती गर्दी. मुख्य पेशी सुईत न येणे अगदी शक्य आहे. ताप, रात्रीचा घाम आणि वजन घटणे ही लक्षणे दोन्ही आजारांत तंतोतंत सारखी असतात, त्यामुळे त्यांवरून निवाडा होत नाही. संपूर्ण गाठ काढून तपासणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

गाठ काढण्याआधी शल्यचिकित्सकांना एक विनंती आवर्जून करा. काढलेली सगळीच गाठ फॉर्मेलिनमध्ये बुडवली, तर टीबीच्या कल्चरसाठी काही उरत नाही, कारण फॉर्मेलिन जंतूंना मारते. एक तुकडा सलाइनमध्ये टीबीच्या तपासणीसाठी आणि उरलेला फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीसाठी, अशी वाटणी आधीच ठरवावी. अगदी साधी गोष्ट आहे, आणि तीच राहून जाते. अहवाल येईपर्यंत टीबीची औषधे आपल्या मनाने बंद करू नका. काही मुलांना दोन्ही आजार असतात.

सर्वच गाठींनी घाबरण्याचे कारण नाही. डोक्यात उवा-फोड झाले की मानेत, पायाला ठेच लागली की जांघेत अवधाण येते आणि मूळ जखम बरी झाली की ते ओसरते. गळ्याच्या हाडावर म्हणजे खांदा आणि मान यांच्या मधल्या खळग्यात आलेली गाठ मात्र मुलांमध्ये कधीही किरकोळ समजू नये. दोन सेंटिमीटरहून मोठी, रबरासारखी घट्ट, न दुखणारी आणि प्रतिजैविके घेऊन दोन-तीन आठवड्यांत न ओसरणारी गाठही तशीच. तुमच्या पुतण्याची नवी गाठ पहिल्या प्रकारात मोडते, म्हणून कोर्स संपण्याची वाट न पाहता याच आठवड्यात छातीचा एक्स-रे आणि बायोप्सीविषयी बोला.

एक्स-रे का, तेही सांगतो. लिम्फोमा छातीच्या मध्यभागी वाढला की श्वासनलिका दाबली जाते आणि मुलाच्या छातीतून घरघर ऐकू येते. पूर्वी कधीही दमा नसलेल्या मोठ्या मुलाला अचानक दमा झाला, तो उताणा झोपू शकत नाही, सकाळी चेहरा व मान सुजलेली दिसते, असे असेल तर ते मूल त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोहोचले पाहिजे. अशा मुलाला दम्याचे समजून स्टिरॉइड दिले तर तोच घोटाळा होतो, जो मागच्या उत्तरात सांगितला. शिवाय एकदम मरणाऱ्या पेशींतून सुटलेल्या क्षारांनी मूत्रपिंडे बंद पडू शकतात. पूर्ण भूल देणेही अशा मुलाच्या जिवावर बेतू शकते. हॉजकिन लिम्फोमाच निघाला तर तो मुलांमधल्या सर्वाधिक बऱ्या होणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. चांगल्या केंद्रांत दहापैकी नऊ किंवा अधिक मुले बरी होतात.

प्रश्न : आमच्या दीड वर्षाच्या नातीचा मोबाइलवर फोटो काढला की एक डोळा लाल दिसतो आणि दुसरा पांढरट चमकतो. सूनबाई म्हणतात, फ्लॅशचा दोष आहे. थोडा तिरळेपणाही वाटतो. तो वयानुसार जाईल असे सारे सांगतात. (एक आजोबा, रत्नागिरी)

उत्तर : फ्लॅशचा कोन विशिष्ट असेल तर निरोगी डोळाही कधी पांढरा चमकतो, मोतीबिंदूमुळेही असे दिसते, आणि कोट्स नावाच्या पडद्याच्या आजारातही. पण दृष्टिपटलाचा कर्करोग, म्हणजे रेटिनोब्लास्टोमा, नाही याची खात्री नेत्रतज्ज्ञाने बाहुली मोठी करून, गरज पडल्यास भूल देऊन, पडदा पाहिल्याशिवाय होत नाही. वेळ आठवड्याभरातली घ्या, महिन्याभरातली नको. हा कर्करोग बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतच दिसतो आणि डोळ्याच्या आत असेपर्यंत जवळजवळ सर्व मुले वाचवता येतात. उशीर झाला की डोळा लाल होऊन सुजतो, आणि मग जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविकांत आणखी दिवस जातात.

वर मी बायोप्सीचा आग्रह धरला, तो इथे उलटा आहे. रेटिनोब्लास्टोमाच्या संशयात डोळ्यात सुई घालत नाहीत, कारण त्या वाटेने कर्करोग डोळ्याबाहेर पसरू शकतो. निदान पडद्याची तपासणी, सोनोग्राफी आणि एमआरआय यांवरच करतात. निदान पक्के झाले तर भावंडांचे डोळेही तपासावे लागतील, कारण सुमारे ४० टक्के मुलांमध्ये हा दोष आनुवंशिक प्रकारचा असतो. सूनबाईंना हे पत्र जरूर दाखवा.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या मुलाला (वय नऊ) ताप आला, प्लेटलेट चाळीस हजारांवर आल्या. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह होती, तरी डेंग्यूसारखाच व्हायरल आहे म्हणून उपचार झाले. पाच आठवडे उलटले. अजून प्लेटलेट सत्तर हजार, हिमोग्लोबिन आठ, पांढऱ्या पेशी तीन हजार. कुणी ब्लड कॅन्सर म्हणाले आणि घरात कोणाला जेवण जात नाही. (एक वडील, नाशिक)

उत्तर : डेंग्यूचा एक ठरावीक वेग असतो. ताप उतरण्याच्या सुमारास प्लेटलेट तळाला जातात आणि मग काही दिवसांतच भराभर चढतात. त्या काळात रक्त दाट होते, म्हणजे हिमॅटोक्रिट वाढते. रक्तस्राव झाला नसेल तर हिमोग्लोबिन आठवर येत नाही. पाच आठवड्यांनंतरही तिन्ही पेशी कमी असतील तर त्या तापाला डेंग्यू म्हणणे सोडून द्यावे लागेल. तपासणी निगेटिव्ह असूनही 'डेंग्यूसारखा' या शब्दाने समाधान मानायची सवय आपल्याकडे रुजली आहे, ती मला पसंत नाही. पण तो वेगळा विषय झाला.

तिन्ही पेशी कमी असण्यामागे ल्युकेमिया असू शकतो, मगज वाळणारा अप्लास्टिक ॲनिमिया असू शकतो, आणि आपल्याकडे वारंवार आढळणारी तिसरी शक्यताही आहे : बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. अंडी-मांस न खाणाऱ्या आणि दूधही बेताचे घेणाऱ्या घरांत ती मुलांमध्ये दिसते. बोटांच्या सांध्यांवरची कातडी काळवंडते, जीभ गुळगुळीत होते, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) वाढतो. तिचा मॅरो इतका विचित्र दिसतो की नवख्याला तो ल्युकेमियाच वाटावा, आणि बी-१२ची इंजेक्शने दिल्यावर आठवड्याभरात चित्र पालटू लागते. म्हणजे कर्करोग दुसऱ्या आजारासारखा दिसतो, तसाच दुसरा आजारही कर्करोगासारखा दिसतो. बी-१२ची पातळी इंजेक्शन देण्याआधी मोजावी आणि तोवर रक्तवाढीची कोणतीही मिश्रणे देऊ नयेत.

प्लेटलेट एकट्याच कमी, मूल ठणठणीत खेळते आहे, अंगावर फक्त लाल ठिपके, अशी स्थिती बहुधा आयटीपी या निराळ्या आजाराची असते. तुमच्या मुलाचे आकडे तसे नाहीत, म्हणून त्याला आयटीपी समजून स्टिरॉइड देऊ नये. रक्तविकारतज्ज्ञाकडे याच आठवड्यात जा.

प्रश्न : चौदा वर्षांचा मुलगा कबड्डी खेळतो. तीन महिन्यांपासून गुडघ्याच्या वर दुखते, सूज आहे. गावातल्या जाणकाराकडून चोळून घेतले, फरक नाही. आता हाडात पू झाल्याचे सांगून ऑपरेशन ठरले आहे. (एक पालक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : चोळणे आजपासून बंद करा. लहान मुलांचे वाढीचे दुखणे दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री येते, सकाळी मागमूस नसतो, मूल लंगडत नाही. एकाच जागी, दिवसेंदिवस वाढणारे आणि सुजेसह असलेले दुखणे त्यात बसत नाही. खेळताना लागले होते ही आठवणही दिशाभूल करते, कारण कबड्डी खेळणाऱ्या मुलाला लागलेले नाही असा आठवडा शोधून सापडणार नाही. वयात येताना, हाडे झपाट्याने वाढत असताना, गुडघ्याच्या आसपास ऑस्टिओसार्कोमा होतो. याच वयातला युइंग सार्कोमा तर हाडाच्या जंतुसंसर्गाची हुबेहूब नक्कल करतो : ताप, लाली, वाढलेला ईएसआर, आणि चिरल्यावर निघणारा पुवासारखा द्रव, जो प्रत्यक्षात मेलेल्या कर्करोगपेशींचा असू शकतो.

अस्थिशल्यचिकित्सेत एक जुना दंडक आहे की संसर्ग वाटला तरी तुकडा बायोप्सीला पाठवावा आणि कर्करोग वाटला तरी कल्चरला पाठवावा. तो इथे पाळला जाईल ना, हे विचारा. त्याहून चांगले म्हणजे ऑपरेशनपूर्वी साधा एक्स-रे आणि एमआरआय हाडांच्या कर्करोगाच्या तज्ज्ञाला दाखवा. कर्करोगाचा संशय असेल तर बायोप्सी तिथेच व्हावी जिथे पुढची शस्त्रक्रिया होणार आहे, कारण सुई ज्या वाटेने जाते ती वाटही नंतर काढून टाकावी लागते. चीर भलत्या ठिकाणी पडली तर एरवी वाचवता आला असता असा पाय गमवावा लागू शकतो.

कुठे जावे हे बहुतेक पत्रांत विचारले आहे. मुंबईत परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून काम करते आणि खारघरच्या त्याच्या केंद्रातही मुलांवर उपचार होतात. नागपूर-पुण्यातही बालकर्करोगाचे विभाग आहेत. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे, त्यासाठी शिधापत्रिका आणि आधार सोबत ठेवावे. जाताना केवळ अहवाल नेऊ नका. आधीच्या तपासणीच्या काचपट्ट्या आणि मेणातले ठोकळे प्रयोगशाळेकडून मागून घ्या, एक्स-रे व एमआरआयच्या मूळ फिल्म किंवा सीडी न्या, आणि एका कागदावर आतापर्यंत दिलेल्या प्रत्येक औषधाचे नाव तारखेसह लिहा. त्यात स्टिरॉइड असेल, मग ते दम्याच्या सिरपमधून दिलेले असो की ताप उतरावा म्हणून टोचलेले असो, तर त्याखाली रेघ ओढा.